दिवाळीनंतर दरवर्षी पिवळा पडणारा अनंत

पावसात हिरवागार असलेला अनंत दिवाळी होऊन महिनाभर गेला की शेंड्याकडून पिवळा पडायला लागतो. मार्गशीर्षात पोपटी, पौषात लिंबाच्या सालीसारखा, आणि माघात तर नवी पालवी जवळजवळ पांढरट. शेणखत घाला, बाजारातलं खत घाला, फरक नाही. चैत्रात कळ्या धरतात, त्या बोराएवढ्या होऊन गळतात. मग आषाढ लागतो आणि झाड कुणी काही न करता पुन्हा हिरवं होतं. आपल्याला वाटतं, चला, सुटलं. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा तेच.

आमचं घर मुरुडला, दापोली तालुक्यातल्या, जंजिऱ्याच्या नव्हे. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीमागे समुद्र. हे दुखणं मी सहा वर्षं सोसलं. हर्णै, कर्दे, आंजर्ले, गुहागर अशा पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या, गावांतल्या ओळखीच्या बायकांकडूनही हीच तक्रार ऐकते. म्हणून मला जे उमगलं ते सगळं इथे मांडते आहे. तुमचं झाड याच चक्रातून जात असेल तर दोष बहुधा खताचा नाही, कालनिर्णयाचाही नाही. दोष तुम्ही दिवाळीनंतर जे पाणी शिंपता त्यात, आणि झाड ज्या मातीत उभं आहे त्यात असण्याची शक्यता फार मोठी आहे. पण पानं पिवळी पडायची कारणं बरीच असतात, त्यामुळे आधी नीट बघून घ्यावं.

त्याही आधी एक साधी खात्री. रोपवाटिकेतून आणलेला अनंत अनंतच आहे ना? दुहेरी तगर पुष्कळदा अनंत म्हणून गळ्यात पडते. पान तोडून बघा. पांढरा चीक आला तर ती तगर, आणि तिचे प्रश्न वेगळे. अनंताला असा चीक नसतो. तो कॉफीच्या कुळातला आहे, एक्झोराही त्याच कुळातला. हे कुळ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता पान हातात घ्या आणि ते फांदीवर कुठलं आहे ते बघा. सगळं निदान इथेच आहे, आणि मी पहिली चार वर्षं नेमकं हेच केलं नाही. मी लांबून झाड बघायची आणि "पिवळं पडलंय" एवढंच म्हणायची.

पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल, पानाचा पडदा पिवळा आणि शिरा मात्र हिरव्या, जशी पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी, आणि खालची जुनी पानं बऱ्यापैकी ठीक, तर ती लोहाची उपासमार. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही. जुनं पान आपलं लोह नव्या पानाला देऊ शकत नाही, म्हणून नवी पालवी आधी उपाशी पडते.

पिवळेपणा उलट खालच्या जुन्या पानांवर असेल तर दोन शक्यता. पान अख्खं सारखं फिकट असेल तर नत्र कमी. कडा आणि मधला भाग पिवळा पण देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला असेल तर मॅग्नेशियम कमी. ही दोन्ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून इथे आधी म्हातारी पानं जातात.

आणि फाल्गुन-चैत्रात नवी पालवी फुटताना आतली चार-आठ जुनी पानं पिवळी होऊन गळली तर ते दुखणंच नाही. अनंत सदाहरित असला तरी पान कधीतरी टाकणारच. त्याला औषध करू नये.

माझ्या झाडाचा पिवळेपणा पहिल्या प्रकारचा, शेंड्याकडचा. हे कळायच्या आधी मी काय काय केलं ते सांगते, कारण यातलं निम्मं तरी तुम्हीही केलं असेल. चुलीतली राख घातली. अंड्याची टरफलं कुटून घातली. कुणीतरी सांगितलं म्हणून गंजके खिळे बुंध्याशी पुरले. एप्सम सॉल्ट घातलं. डीएपी घातलं. बुंध्याशी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ओतलं; त्याचं काय झालं ते पुढे सांगते. यातल्या राखेने आणि टरफलांनी दुखणं वाढवलं, कारण दोन्ही माती अल्कधर्मी करतात. डीएपीतलं स्फुरद जास्त झालं की ते लोहाला आणखी बांधून ठेवतं. खिळ्यांनी काहीच झालं नाही. आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, त्याची या झाडाला गरजच नव्हती.

उलगडा झाला तो माहेरच्या झाडावरून. माहेर दापोलीला, वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, बाजूला, जांभ्या दगडावरची तांबडी माती. माझं मुरुडचं झाड हे माहेरच्याच झाडाची फांदी लावून केलेलं. म्हणजे रक्त एकच. तिथला अनंत पौषातही काळपट हिरवा, पान तेल लावल्यासारखं चकचकीत, आणि आई त्याला वर्षातून एकदा शेणखताची पाटी घालते, बाकी काही नाही. मी एकदा आईला म्हटलं, "आई, तू याला देतेस तरी काय?" ती म्हणाली, "मी काय देणार गो? तू तिकडे काय देतेस ते सांग. पाणी कुठलं घालतेस?"

पाणी विहिरीचं. दुसरं कुठलं असणार? पण आईचा प्रश्न डोक्यात राहिला. मग मी मागे वळून महिने जुळवले. झाड हिरवं असतं आषाढ ते आश्विन, म्हणजे जेव्हा त्याला फक्त पावसाचं पाणी मिळतं तेव्हा. दिवाळीनंतर वाडीचं शिंपणं सुरू होतं, तेव्हापासून चार-सहा आठवड्यांनी पालवी फिकट. दरवर्षी, न चुकता. झाड मला वार-तिथीसकट सांगत होतं.

आता त्यामागचं शास्त्र, जेवढं आपल्याला बागेपुरतं लागतं तेवढं. अनंत मूळचा चीन-जपानकडचा, आंबट मातीत वाढणारा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) साधारण ५ ते ६.५ असला की तो खूश. कोकणातली जांभ्याची माती अशीच आम्लधर्मी आहे, आणि तिचा तांबडा रंगच मुळी लोहाचा आहे. म्हणून सड्यावर अनंत जोमात असतो. पण पुळणीची गोष्ट वेगळी. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपले म्हणजे चुना. पूर्वी इकडे घरं बांधायला आणि पानात खायला शिंपले भाजूनच चुना करत. अशा वाळूतून झिरपत आलेलं विहिरीचं पाणी जड असतं. चहाच्या पातेल्याला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच हळूहळू झाडाच्या मुळाशी बसत जातो. सामू सातच्या वर सरकला की मातीतलं लोह गंजाच्या रूपात घट्ट होतं. ते असतं, पण मुळाला उचलता येत नाही. मी झाड लावताना दोन फूट लांब-रुंद खड्डा काढून त्यात दापोलीहून आणलेली तांबडी माती भरली होती. तरीही हे झालं, कारण सात महिने रोज बादलीभर चुनखडीचं पाणी त्या मातीवर पडत होतं, आणि मुळं खड्ड्याबाहेरच्या पुळणीत गेली होती.

हे खरं आहे का ते घरीच बघता येतं. बुंध्याजवळची वीतभर खोलीची मूठभर माती काढा, सावलीत वाळवा, काचेच्या वाटीत घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे, पुढच्या शंकेला जागाच नाही. बुडबुडे नाही आले तरी लगेच निर्धास्त होऊ नका, थोडा चुना असेल तर तो असा बोलत नाही. मग मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या सामूच्या पट्ट्या आणा. एक भाग माती, दोन भाग पावसाचं किंवा बॅटरीत भरायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवायची. अगदी नेमकं हवं असेल तर माती प्रयोगशाळेत द्यावी. दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळा असते.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पागोळीचं धरलेलं पाणी. दोन्हींत चिमूटभर हिराकस टाका आणि रात्रभर ठेवा. माझ्याकडे सकाळी विहिरीच्या बाटलीत तळाला तांबूस-केशरी गाळ बसला होता आणि पागोळीची बाटली बरीच निवळ होती. तो गाळ म्हणजे मी चार वर्षं बुंध्याशी ओतलेलं हिराकस. झाडापर्यंत पोचायच्या आतच त्याचा गंज होत होता. चुना असलेल्या मातीत हिराकस घालणं का वाया जातं हे त्या दिवशी पटलं.

इथे बरेच जण गंधक सुचवतात. गंधक मातीत घातलं की जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि सामू उतरतो, हे खरं आहे. पण त्याला महिने लागतात, आणि मातीत शिंपल्यांचा चुना भरलेला असेल तर ते आम्ल चुनाच खाऊन टाकतो. पुळणीचा सामू कायमचा उतरवणं घरच्या बागेत होत नाही. तो नाद मी सोडला. झाडाला पुळणीतून बाहेर काढणं आणि त्याचं पाणी बदलणं, एवढंच खरं काम करतं.

मी झाड कुंडीत घेतलं. ज्येष्ठात, पावसाची पहिली झोड ओसरल्यावर. मोठी, सोळा इंची, बुडाला चार-पाच भोकं असलेली. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा अर्धा भाग कापून भोकं पाडली तर स्वस्तात आणि जास्त ऐसपैस काम होतं. माती अशी: दोन भाग सड्याची तांबडी माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग आंबा-फणसाच्या पाल्याचं कुजलेलं खत किंवा सोडणाचा (नारळाच्या काथ्याचा) भुसा, आणि निचऱ्यासाठी अर्धा भाग जांभ्याची बारीक खडी. सोडणाचा भुसा ताजा वापरू नये. त्यात मीठ असतं, तो दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावा. आणि काहीही झालं तरी समुद्राची वाळू निचऱ्याला घालू नये. मुरुडसारख्या गावात ती हाताशी असते, म्हणून मोह होतो, पण आपण जिच्यातून झाड सोडवलं तीच पुन्हा कुंडीत भरल्यासारखं होईल. कुंडी थेट पुळणीवरही ठेवू नये, नाहीतर भोकांतून मुळं खाली उतरतात. दोन चिरे मांडून त्यावर ठेवावी.

अंगणात जागा असेल आणि कुंडी नको असेल तर जांभ्याचे चिरे कोरडे रचून, मध्ये सिमेंट न घालता, दीड-दोन फूट उंच वाफा करावा. तेही चालतं, पण काही वर्षांनी मुळं खाली जाणारच, तेव्हा मी कुंडीच सुचवेन.

झाड जुनं असेल तर मुळांचा गोळा काढताना नीट बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत. वाळूच्या जमिनीत ते फार आणि अनंताला त्यांचा त्रास लवकर होतो. अशी मुळं असतील तर पिवळेपणाला ते दुसरं कारण आहे. गाठींची मुळं छाटून, उरलेली स्वच्छ धुऊन नव्या मातीत लावावं, आणि जुनी माती त्या कुंडीत एक मूठही परत घालू नये. झाड फारच खंगलेलं असेल तर त्याच्या निरोगी शेंड्याची फांदी लावून नवं रोप करणं जास्त शहाणपणाचं. पावसाळ्यात वीतभराची, अर्धवट पिकलेली फांदी सहज मूळ धरते.

आता पाणी, जे मला मातीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. उत्तम पाणी पागोळीचं. एका कुंडीला सरासरी दीड लिटर रोज धरा. कार्तिक ते वैशाख सात महिने, म्हणजे सुमारे ३१५ लिटर. ५०० लिटरच्या एका टाकीत एका झाडाची सबंध कोरड्या दिवसांची बेगमी होते आणि वर उरतं. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. शंभर चौरस फुटांच्या कौलांवरून ती टाकी ५५ मिलिमीटर पावसात भरते, आणि कोकणात आषाढात तेवढा पाऊस एका दिवसात पडतो. पहिल्या चार-पाच सरींचं पाणी सोडून द्यायचं, त्यात छपरावरची धूळ आणि उन्हाळाभर वाऱ्याने आणलेलं मीठ असतं. नवीन सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांचं पहिल्या पावसाळ्याचं पाणी अनंतासाठी धरूच नये, सिमेंटचा चुना त्यात उतरतो. टाकीवर बारीक जाळी आणि घट्ट झाकण हवंच, डासांसाठी.

टाकीला जागा नसेल तर विहिरीच्या पाण्याला आंबट करून घ्यावं. दहा लिटरच्या बादलीला अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व (सायट्रिक अॅसिड), म्हणजे साधारण २ ग्रॅम. ढवळून पट्टीने सामू बघावा, सहा-साडेसहाच्या आसपास आला की पुरे. प्रत्येक विहीर वेगळी, त्यामुळे पहिल्या दिवशी मोजूनच ठरवावं. यापेक्षा आंबट करू नये, मुळं भाजतात. हा इलाज फक्त जड पाण्यावर आहे, खाऱ्या पाण्यावर नाही. चैत्र-वैशाखात विहीर मचूळ झाली की त्यात लिंबूसत्व घालून मीठ जात नाही. त्या दिवसांत तरी साठवलेलं पाणीच द्यावं.

हे सगळं जुळेपर्यंत झाडाला तात्पुरता आधार लागतो. फवारणीसाठी हिराकस चालतं, कारण ते मातीत न जाता थेट पानावर बसतं. लिटरला ३ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम लिंबूसत्व, पागोळीच्या पाण्यात ताजं विरघळवून संध्याकाळी फवारायचं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. कपड्यांवर आणि लादीवर डाग पडतात ते जात नाहीत, तेव्हा जुने कपडे घाला. मुळाशी द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत घट्ट होऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात गुंतवलेलं लोह, घ्यावं, पण दुकानात कुठलं चिलेट ते विचारून घ्यावं. ईडीटीए प्रकारचं स्वस्त असतं पण सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं. ईडीडीएचए प्रकारचं चुन्याच्या मातीतही टिकतं. ते महाग आहे. पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो, त्यावरून ओळखू येतं. पुड्यावरच्या प्रमाणाने, संध्याकाळी, आणि वरून थोडं पाणी घालून मातीत मुरवायचं, कारण उन्हात ते फुटतं.

सुधारणा मोजायची ती नव्या पानांवर. फार पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा पूर्ण हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. तीन-चार आठवड्यांनी फुटणारी पालवी हिरवी आली की काम जमलं. पौषात दोन-चार पानं तरीही थोडी फिकट येतील. माती गार असली की मुळं लोह कमी उचलतात, तेवढं चालायचंच.

खत म्हणून मी आता महिन्यातून एकदा चमचाभर अमोनियम सल्फेट देते, सुमारे ५ ग्रॅम, ओल्या मातीवर. नत्रही मिळतं आणि माती किंचित आंबट राहते. पावसाच्या जोरात आणि थंडीत ते बंद.

पुळणीवर न राहणाऱ्यांचं काय? रत्नागिरीत, चिपळूणला, अलिबागेत बंगल्याच्या कडेला लावलेला अनंत असाच पिवळा पडतो, मातीत शिंपले नसले तरी. तिथे जोत्याशी बघावं. बांधकामाचा राडारोडा, प्लॅस्टरचे तुकडे, उरलेलं सिमेंट भिंतीलगतच पुरलेलं असतं, आणि आपण नेमकं तिथेच शोभेची झुडपं लावतो. गणपतीच्या आधी कुंपणाला चुन्याची सफेदी होते, तिचे ओघळही मुळाशी जातात. न्हाणीचं पाणी हा दुसरा मोठा संशयित. कर्दळ, अळू, केळ ते पिऊन माजतात, म्हणून घराघरांत ते झाडांना सोडलेलं असतं, पण साबण आणि सोड्याचं ते पाणी अनंताला सोसत नाही. शेजारचा एक्झोराही तसाच हिरव्या शिरांचा पिवळा झाला असेल तर जवळजवळ खात्रीच धरा. एका कुळातली झाडं एकाच दुखण्याने आजारी पडली की कारण जमिनीत असतं.

आतापर्यंतचं सगळं कोरड्या दिवसांतल्या पिवळेपणाबद्दल. झाड ऐन श्रावणात पिवळं पडत असेल तर ते अगदी वेगळं दुखणं आहे आणि त्यावर वरचा एकही उपाय करू नये. माहेरी वहिनीने कुंडीत लावलेला दुसरा अनंत असा झाला होता. तिने माझं ऐकून त्यावर लोह फवारलं, काही फरक पडला नाही. मी गेले, कुंडी आडवी केली, तर बुडाची भोकं मातीने बुजलेली आणि मुळं तपकिरी, मऊ, कुजका वास. झाडाचा गुदमरा झाला होता. सडलेली मुळं कापली, भोकं मोकळी केली, खडी वाढवली, कुंडी पडवीच्या कडेला पाऊस थेट पडणार नाही अशी ठेवली आणि महिनाभर कसलंही खत दिलं नाही. ते जगलं. पण आश्विनात त्याच झाडाच्या जुन्या पानांवर देठाशी हिरवा त्रिकोण उरला. आडोशाला घ्यायच्या आधीच्या पावसाने तांबड्या मातीतलं मॅग्नेशियम धुऊन नेलेलं होतं. तिथे मात्र एप्सम सॉल्ट लागू पडलं, लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. माझ्या झाडावर जे वाया गेलं, तेच तिच्या झाडावर औषध ठरलं.

कळ्या गळण्याबद्दल थोडं. लोह मिळायला लागल्यावर माझी निम्मी गळ थांबली, बाकीची पाण्याच्या अनियमितपणाने होत होती. चैत्र-वैशाखात दोन दिवस पाणी चुकलं आणि तिसऱ्या दिवशी भरपूर घातलं की कळी देठाशी पिवळी होऊन पडते. रोज, थोडं, सकाळी. बुंध्याभोवती सुक्या पाल्याचं दोन इंच आच्छादन. कळ्या धरल्यावर कुंडी इकडून तिकडे हलवू नये, दुपारचं ऊन टाळायचं असेल तर वर पोफळीच्या झावळीची सावली करावी. छाटणी फुलं ओसरली की श्रावणातच उरकावी. नंतर छाटलं तर पुढच्या उन्हाळ्याच्या कळ्याच कापल्या जातात, कारण त्या शेंड्याला येतात.

फांद्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली तर पानं उलटी करून बघा. तिथे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो. त्याच्या चिकट स्रावावर मुंग्या येतात आणि काळी बुरशी धरते. बुरशी पुसून उपयोग नाही, कीड काढायला हवी. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची आणि लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल, साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारायचं. कुंडी ज्या चिऱ्यांवर आहे त्यांच्याभोवती पाणी ठेवलं तर मुंग्या चढत नाहीत.

पानांची टोकं आणि समुद्राकडच्या कडा तपकिरी होऊन करपल्या असतील, पण मधला भाग हिरवाच असेल, तर ते मीठ आहे. ज्येष्ठात पाऊस धरायच्या आधी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा हे होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीच्या पोफळी आडव्या झाल्या आणि समुद्राच्या बाजूचा आडोसाच गेला. त्यानंतर दोन वर्षं अनंताची पश्चिमेकडची बाजू दर उन्हाळ्यात करपायची. आता त्या बाजूला जास्वंदीची दाट रांग लावली आहे आणि वारा खारा वाटला की संध्याकाळी पानांवर साधं पाणी मारते. नव्या पोफळी डोक्यावर यायला अजून वेळ आहे.

कुंडीत घेतल्यानंतरचा हा तिसरा मार्गशीर्ष. परवा शेंड्याची चार पानं तोडून दापोलीला नेली आणि आईच्या झाडाच्या पानांशेजारी ओटीवर मांडली. आईने चष्मा लावून दोन्हीकडे बघितलं आणि विचारलं, यातली तुझी कुठली?